बॉनेट न उघडता

“कॉइल की पेट्रोल पंप? उस्ताद, दोनातलं एक सांगा. बाकी मी बघतो.”

बाबालाल मिस्त्री ओट्यावर बसून लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दुसरं कोण आलंय?”

“दुसरं?”

“तू बोलतोयस. तुझ्या मागं कुणीतरी उभं आहे. चपला आहेत पायात. बूट तुझे एकट्याचेच वाजले.”

अच्युत सांगवडेकरांनी मागं वळून पाहिलं. निवृत्ती माळवदे हातात गाडीची किल्ली घेऊन फाटकापाशी उभा होता.

“हा निवृत्ती. माझा मित्र. गाडी याचीच आहे,” अच्युत म्हणाले. “तर उस्ताद, कॉइल मी बदललीय. पण नवी कॉइलही तापली की…”

“काय करतात हे?”

“कोण? निवृत्ती? शाळेत चित्रकला शिकवायचा. आता निवृत्त आहे.”

“या मास्तर, बसा,” मिस्त्री म्हणाले, आणि लसणाची पुढची पाकळी हातात घेतली.

अच्युत उभेच राहिले.

एकतीस वर्षं त्यांनी पॉलिटेक्निकमध्ये मोटारीचं इंजिन शिकवलं होतं. त्यांच्या हस्तलिखित नोट्सच्या झेरॉक्स तीन जिल्ह्यांत फिरत. कराडमध्ये कुणाची गाडी अडली, की लोक आधी त्यांना फोन करत आणि मग मेकॅनिकला.

पण कॉलेजात जाण्याआधीच्या दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या त्यांनी बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये काढल्या होत्या. पाना कसा धरायचा ते तिथं शिकले. त्यामुळं जगात एकाच माणसाला ते उस्ताद म्हणत.

मिस्त्री आता एकोणऐंशी वर्षांचे होते. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यानं जेमतेम दिसायचं. गॅरेज कधीच बंद झालं होतं. पाटण रस्त्यावरच्या गावात ते लेकीकडं राहत.

त्यांच्याकडं येण्याची वेळ अच्युतवर कधी आली नव्हती. आज आली होती…

गाडी निवृत्तीच्या वडिलांची. ते गुरांचे डॉक्टर होते. वाड्यावस्त्यांवर याच गाडीनं जायचे. ते गेले आणि गाडी नऊ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. दोघे मित्र एकाच वर्षी निवृत्त झाले तेव्हा ठरलं, की ती पुन्हा चालवायची.

दर रविवारी दोघे शेडमध्ये जमू लागले. अच्युतनी इंजिन पूर्ण खोललं, पुन्हा जुळवलं. निवृत्तीनं रंग काढला आणि स्वतःच्या हातानं नवा दिला. पहाटेच्या आभाळाचा निळा. तो रंग मिळवायला त्याला सहा दिवस लागले.

गावात गाडी झकास चालायची.

लांब निघाली, की अर्ध्या तासात आचके द्यायची. दोनदा खोकायची आणि बंद पडायची. पंधरावीस मिनिटं उभी ठेवली, की काहीच झालं नाही अशी सुरू व्हायची.

अच्युतनी कॉइल बदलली. कंडेन्सर बदलला. प्लग, वायरी, पेट्रोल पंप, सगळं बदललं. कार्ब्युरेटर तीन वेळा धुतला. पेट्रोलची नळी तापत असेल म्हणून तिला कापड गुंडाळलं. दर वेळी ते हात पुसत म्हणायचे, “झालं. आता बघ.”

असे आठ महिने गेले.

दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी, निवृत्ती बायकोला घेऊन पाटणला निघाला होता. तिथं शैलजाच्या थोरल्या बहिणीकडं भाचीच्या बाळाचं बारसं होतं. गाडी नेमकी अरुंद पुलावर बंद पडली. मागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांसकट. त्याच्या मागं एसटी. हॉर्नवर हॉर्न.

रेशमी साडी खोचून शैलजानं गाडी ढकलली. पुलापलीकडं गेल्यावर तिनं साडी झटकली, उलट दिशेच्या बसला हात केला आणि घरी निघून गेली. बारसं राहिलं.

दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, “गाडी ठेवायची तर ठेवा. मी तिच्यात बसणार नाही.”

निवृत्तीनं गाडी विकायची ठरवली. सोमवारी एकजण न्यायला येणार होता.

“मला अजून एक रविवार दे,” अच्युत म्हणाले होते.

“तुला आठ महिने दिले, अच्युत.”

चाळीस वर्षांच्या मैत्रीत निवृत्ती याहून कडू काही बोलला नव्हता. बोलल्यावर त्यालाच वाईट वाटलं. म्हणून हा रविवार आला. आणि अच्युत, शेवटचा उपाय म्हणून, त्याला इथं घेऊन आले. येतानाही वाटेत गाडी एकदा बंद पडलीच.

“उस्ताद,” अच्युत म्हणाले, “बॉनेट उघडतो. तुम्ही हात लावून बघा.”

“नको.”

“मग?”

“फिरून येऊ.”

मिस्त्री उठले. लसणाचं ताट उचललं आणि भिंतीचा आधार न घेता फाटकाकडं चालू लागले. अच्युतनी घाईनं पुढं होऊन ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

“मास्तर चालवतील,” मिस्त्री म्हणाले. “मी त्यांच्या शेजारी.”

“उस्ताद, मी चालवतो ना. कुठल्या वेगाला काय होतं ते मला…”

“तू मागं.”

अच्युत मागं बसले. मिस्त्रींनी खिडकीतून लसणाचं ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“एवढा सोलून टाक. लेकीला चटणी करायचीय.”

“सोलतो.”

“आणि बोलू नकोस.”

“कुठपर्यंत?”

“बंद पडेपर्यंत.” मिस्त्री पुढं जाऊन बसले. दार लावलं. मग म्हणाले, “बंद पडल्यावरही.”

गाडी निघाली.

नोव्हेंबरचं ऊन कोवळं होतं. डाव्या हाताला कोयना, उजव्या हाताला उसाचे फड. तोडणी चालू होती. रस्त्यावर पाचट पडलं होतं. निवृत्ती सावकाश चालवत होता. त्याचे खांदे आखडलेले होते.

“वडील काय करायचे, मास्तर?”

“गुरांचे डॉक्टर होते.”

“अस्सं. मग जनावर कसं तपासायचे? त्याला तर बोलता येत नाही.”

निवृत्ती थोडा हसला. “आधी जनावराला हात नाही लावायचे. धुणं-भांडं करणारी, चारा घालणारी जी घरातली बाई असेल, तिला बोलवायचे. विचारायचे, खातं का? पाणी पितं का? कुठल्या कुशीवर बसतं? तासभर नुसतं विचारत बसायचे. मला कंटाळा यायचा.”

“आता हिचं सांगा.”

“हिचं?”

“हिचं खाणंपिणं तुम्हीच बघता ना?”

निवृत्तीनं समोरच्या आरशात पाहिलं. आरशात अच्युत होते.

“आरशात नका बघू, मास्तर. रस्त्याकडं बघा.”

निवृत्तीनं गिअर बदलला.

“हसाल तुम्ही,” निवृत्ती म्हणाला.

“हसलो तर हसलो.”

“टाकी भरली, की ही लवकर बंद पडते.”

मिस्त्री हसले नाहीत.

“अर्धी टाकी असली, की जास्त लांब जाते. एकदा तर पेट्रोल तळाला गेलं होतं, तरी मी उंब्रजला जाऊन परत आलो. कुठंच थांबली नाही. काल अच्युतनं टाकी काठोकाठ भरली, म्हणाला नीट चाचणी घेऊ. आज तुमच्यापर्यंत येतानाच बंद पडली.”

मागच्या सीटवर अच्युतनी तोंड उघडलं.

हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं. जूनमध्ये, शेडमध्ये. तेव्हा ते गाडीखाली उताणे पडलेले होते. खालूनच म्हणाले होते, “जेवल्यावर झोप माणसाला येते, निवृत्ती. गाडीला नाही.” आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्यानं हसले होते. निवृत्तीही हसला होता. नंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही.

अच्युतनी तोंड मिटलं आणि लसणाची पाकळी हातात घेतली.

मल्हारपेठेच्या अलीकडं गाडीनं पहिला आचका दिला. मग दुसरा. खोकली. निवृत्तीनं ती कशीबशी कडेला, एका कडुनिंबाखाली घेतली. आणि बंद पडली.

अच्युतचा हात सवयीनं दाराच्या कडीवर गेला. बॉनेट उघडायचं, तेही इंजिन गरम असतानाच.

पुढच्या सीटवरून मिस्त्रींनी नुसता हात वर केला. मागं न बघता.

अच्युतचा हात कडीवरच थांबला.

“मास्तर, हा बरोबर नसतो तेव्हा बंद पडली, तर काय करता?”

“काही नाही. मला काय कळतंय त्यातलं? वाट बघतो.”

“नुसती?”

“नुसती. कधीकधी वाटतं, पेट्रोल तर संपलं नसेल? म्हणून मागं जाऊन टाकीचं झाकण उघडून बघतो.”

“मग?”

“असतं पेट्रोल. झाकण लावतो, किल्ली फिरवतो. सुरू होते.”

“पंधरा मिनिटांनी?”

निवृत्ती विचारात पडला. कडुनिंबाची दोन पानं काचेवर येऊन पडली.

“नाही,” तो हळूहळू म्हणाला. “झाकण उघडलं तर… लगेच.”

मिस्त्रींनी कान त्याच्याकडं वळवला.

“आणि एक आहे. उघडताना आवाज येतो. सुस्स… असा. कुणीतरी कधीपासून दम धरून बसलंय आणि आत्ता घेतला, तसा.”

“हे याला सांगितलंत?”

निवृत्ती स्टिअरिंगकडं बघत राहिला.

“सांगितलं होतं… अर्धं.”

मागं लसणाची पाकळी ताटात पडल्याचा आवाज झाला.

एकतीस वर्षं अच्युतनी फळ्यावर एक आकृती काढली होती. पेट्रोलची टाकी. तिच्यावर झाकण. झाकणाला बारीक भोक. ‘पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी,’ असं ते दर वर्षी सांगत. भोक काढायला विसरणाऱ्या मुलाचा अर्धा गुण कापत.

झाकणाचं भोक बंद असेल तर काय होईल? टाकीत हवेला वाट नाही. पेट्रोल जसं ओढलं जाईल तशी आत पोकळी होईल आणि ती पेट्रोलला मागं ओढून धरेल. गाडी उभी ठेवली, की कडेनं थोडी हवा झिरपेल आणि ती पुन्हा सुरू होईल. टाकी भरलेली असेल, तर वर हवा थोडीच, म्हणून हे फार लवकर होईल.

कॉइल नाही. पंप नाही. इंजिनच नाही.

अच्युत दार उघडून खाली उतरले. या वेळी मिस्त्रींनी हात वर केला नाही. तेही उतरले, गाडीच्या कडेनं हात फिरवत मागं आले.

अच्युतनी झाकणाला हात घातला.

“मास्तरांना उघडू दे,” मिस्त्री म्हणाले. “तू कान लाव.”

पांढरी पँट घातलेले प्राध्यापक सांगवडेकर रस्त्याच्या कडेला, पाचटात, गुडघ्यांवर बसले आणि गाडीच्या मागल्या अंगाला त्यांनी कान लावला. उसाचा एक ट्रॅक्टर आला. चालकानं वेग कमी करून तो प्रकार डोळे भरून पाहिला. ट्रॅक्टर लांब जाईपर्यंत तिघेही थांबले.

मग निवृत्तीनं झाकण फिरवलं.

सुस्स…

किती तरी वेळ. आत, आत, आत…

अच्युतनी डोळे मिटून घेतले होते.

आवाज थांबल्यावर निवृत्तीनं हातातलं झाकण उलटं-सुलटं केलं. मधोमध बोटानं चाचपडलं. आणि त्याचा चेहरा उतरला.

झाकण निळं होतं. गाडीसारखंच. पहाटेच्या आभाळाचं. मधलं बारीक भोक रंगानं भरून गुळगुळीत झालं होतं.

“मीच रंगवलंय हे,” तो म्हणाला. “दोन हात दिले. वाटलं, एवढं गाडीचं केलं, तर झाकण कशाला जुनं ठेवायचं… अच्युत, म्हणजे आठ महिने मीच…”

त्यानं भोकावरचा रंग नखानं खरवडून पाहिला.

अच्युत गुडघ्यांवरून उठले. पँटला माती होती, हातांना लसणाचा वास. त्यांच्या तोंडाशी काय काय आलं असेल… तीन वेळा धुतलेला कार्ब्युरेटर. आठ महिन्यांचे रविवार. इंजिनाच्या गरम नळीनं भाजलेलं मनगट, त्यावर अजून डाग होता. आणि सगळ्याला कारण, दोन हात निळा रंग.

मिस्त्री तोंड नदीकडं करून उभे होते. काही ऐकू येत असल्यासारखे.

अच्युतनी निवृत्तीच्या हातातून झाकण घेतलं. उन्हात धरलं.

“रंग फार छान बसलाय रे,” ते म्हणाले.

निवृत्तीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग त्याला हसू फुटलं. आधी नुसतं ओठांवर, मग पोटातून. अच्युतही हसायला लागले. दोन साठीचे गृहस्थ रस्त्याच्या कडेला गाडीला धरून हसत राहिले, शेवटी निवृत्तीला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“जूनमध्ये सांगत होतास तू,” अच्युत म्हणाले. “मी पुरतं बोलू दिलं नाही तुला.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे नाही. दिलं नाही.”

निवृत्तीनं मान हलवली. बस.

अवजारांच्या पिशवीत तांब्याची बारीक तार होती. अच्युतनी ती भोकात घातली, फिरवली, आरपार काढली. झाकणावर तोंड ठेवून फुंकर मारली. वारा पलीकडं गेला. निळ्या रंगाचा एक टवका तेवढा उडाला.

“आता तू चालव,” निवृत्तीनं किल्ली पुढं केली.

“नाही. तूच.”

अच्युत आपणहून मागं जाऊन बसले. राहिलेला लसूण सोलायला घेतला.

किल्ली फिरली. गाडी सुरू झाली.

मल्हारपेठ गेलं. टाकी काठोकाठ भरलेली. निवृत्तीचे खांदे अजून आखडलेले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तो पूल आला, गुरुवारचा. निवृत्तीनं श्वास रोखून धरला. पूल मागं गेला. चढ आला, चढही मागं गेला. इंजिनाचा आवाज एका लयीत होता. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. मग त्यानं एक हात खिडकीवर टेकवला, वडील टेकवायचे तसा.

मिस्त्रींना डुलकी लागली होती.

पाटणच्या अलीकडं एका टपरीसमोर निवृत्तीनं गाडी उभी केली. ती थांबली नव्हती. त्यानं थांबवली होती. एवढ्या लांबवर, या गाडीत, ही पहिलीच वेळ. त्यानं तीन चहा सांगितले आणि शैलजाला फोन लावला.

“कुठं बंद पडली?” तिकडून पहिलाच प्रश्न.

“बंद नाही पडली. चहाला थांबलोय. पाटण आलं.”

तिकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“खरं?”

“खरं. अच्युतला विचार.”

“त्यांना नको. ते तासभर सांगतील.” मग आवाज जरा खाली आला. “एवढे गेलाच आहात, तर ताईकडं डोकावून या. सांगा तिला, पुढच्या रविवारी येते बाळाला बघायला.”

“कशानं येतेस?”

“कशानं काय विचारता?” शैलजा म्हणाली. “आणि त्या उद्याच्या माणसाला काय ते तुम्हीच कळवा.” फोन ठेवला.

निवृत्ती फोन हातात धरून तसाच उभा राहिला. मग गाडीपाशी गेला, खिशातून रुमाल काढला आणि पुढची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

टपरीच्या बाकावर अच्युत आणि मिस्त्री शेजारी शेजारी बसले होते. समोर डोंगरावर ऊन चढत होतं. दोघांच्या हातांत चहाचे ग्लास.

“उस्ताद, आता बोलू?”

“बोल की.”

“तुम्हाला आधीच कळलं होतं?”

“नाही.”

“केव्हा कळलं?”

“तो आवाज आला तेव्हा. तुझ्याबरोबरच.”

अच्युत थोडे चकित झाले.

“मग मला गप्प का बसवलंत?”

“मला एका वेळी एकाचंच ऐकू येतं.”

चहाचा एक घोट. मग दुसरा. रस्त्यावरून बैलगाडी गेली, घुंगरांचा आवाज लांब गेला. अच्युतना बरं वाटत होतं. का ते सांगता आलं नसतं. आठ महिन्यांनंतर प्रथमच त्यांना कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं.

तरी एक गोष्ट राहिली होती.

“उस्ताद, एक सांगा. कॉइल जुनी होती, ती बदलली. पंप गळत होता, तो बदलला. कार्ब्युरेटरमध्ये खरंच घाण होती. रात्रंदिवस आठवून बघतोय. यात माझं नेमकं चुकलं कुठं?”

मिस्त्रींनी उरलेला चहा संपवला. ग्लास बाकावर उपडा ठेवला.

“कुठंच नाही. तू केलेलं एकेक काम बरोबर होतं…”

ते उठून गाडीच्या दिशेनं दोन पावलं चालले, आणि थांबले.

“म्हणून तर एवढे दिवस लागले.”